जानाईचा पहारा

"उद्या मला सवड न्हाई," आबा म्हणाले. "माझी ड्यूटी हाय."

मी तेव्हा पाटावर बसले होते, अंगाला हळद लागत होती, आणि उद्या माझं लग्न होतं.

हळद लावणाऱ्या पाच सवाष्णींचे हात जागच्या जागी थांबले. एकीचं बोट माझ्या नाकावर होतं, ते तिथंच राहिलं. माझे चुलते, म्हणजे नाना, मांडवाचा दोर बांधत होते. ते दोर हातात घेऊनच आत आले, त्यामुळे मांडवाचा एक कोपरा खाली बसला.

"कसली ड्यूटी? दादा, तू पेन्शनीत आलायस!"

"जानाईची. नवस हाय माझा. पेन्शनीत गावात पाऊल टाकलं की पयल्या मंगळवारी तिच्या दारात पहारा. सूर्य उगवल्यापासनं मावळंपतूर."

"आनि पोरीचं लगीन?"

"ते बी मंगळवारीच आलंय," आबा म्हणाले. जणू लग्न आपल्या पायानं चालत येऊन मंगळवारी बसलं होतं.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. पण आबांचा तो चेहरा मला अजून दिसतो. चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं, पण माघार घेण्याचं एकही चिन्ह नव्हतं.

आबा म्हणजे सुभेदार आत्माराम फडतरे. सत्तावीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस. घरी वर्षातून दोन महिने, तेही रजा मंजूर झाली तर. सदऱ्याच्या डाव्या खिशात गावच्या जानाईदेवीची तसबीर आणि उजव्या खिशात आई, मी आणि आमची म्हैस यांचा एकत्र फोटो, एवढी त्यांची कायमची मालमत्ता. पत्र 'श्री जानाईदेवी प्रसन्न'नं सुरू व्हायचं आणि मधल्या मजकुरात म्हशीसकट सगळ्यांची नावानिशी विचारपूस असायची. रजेवर आले की घराची छावणी व्हायची. हंडे उंचीप्रमाणे रांगेत लागायचे. शेरडांना सकाळी हजेरीला उभं केलं जायचं, आणि शेरडंही राहायची. माझ्या मैत्रिणी भातुकली खेळायच्या तेव्हा मी अंगणात वेळूची काठी घेऊन आबांबरोबर पहारा बदलायला शिकत होते. एकानं यायचं, पाऊल आपटायचं, "पहारेकरी, बदली हाजिर!" म्हणायचं. दुसऱ्यानं काठी द्यायची. "ताबा घेतला!" म्हटल्याशिवाय पहिल्यानं जागचं हलायचं नाही, मग घराला आग लागो.

खरं तर आबा आठवडाभर आधीच यायचे होते. तसे आले असते तर नवसाचा मंगळवार लग्नाच्या आधीच पार पडला असता. पण पलटणीतून सुटताना मिळालेली प्रत्येक चीज परत करावी लागते, आणि आबांच्या सामानात चहाचा एक पांढरा मग कमी भरला. एका मगासाठी सहा कागद झाले. शेवटी कुणा साहेबानं तो 'हरवला' असं लिहून दिलं तेव्हा आबांना गाडी मिळाली, आणि ते रविवारी संध्याकाळी घरी पोचले.

नवसाच्या बदल्यात देवीकडं मागितलं काय होतं, हे मात्र ते सांगत नव्हते. आम्ही धरून चाललो की स्वतःचा जीव मागितला असणार. दोन लढाया बघून आलेल्या माणसानं दुसरं काय मागावं?

आईनं हे सगळं चुलीपाशी बसून ऐकलं. पुढची भाकरी तिनं अशी थापली की शेजारच्या आळीत ऐकू गेली असेल.

हळदीची नवरी घराबाहेर पडत नाही, म्हणून संध्याकाळची हकीकत मला नानांकडून कळली, आणि नाना तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नसत. झालं असं की नाना आबांना घेऊन धोंडूमामा गुरवाकडं गेले. म्हणाले, देवीला कौल लावा. कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली कळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

धोंडूमामांनी विचारलं, "आई जानाई, सुभेदाराचा पहारा पुढच्या मंगळवारी चालंल का?"

डावी कळी टपकन पडली. प्रश्न पुरा व्हायच्या आतच पडली, असं नानांचं म्हणणं.

"बघितलंस?" आबा म्हणाले. "हुकूम पुढं ढकलता येत न्हाई."

पण नानाही माझ्या त्याच आजीच्या पोटचे. त्यांनी धोंडूमामांना कळ्या परत लावायला लावल्या आणि स्वतः हात जोडून विचारलं, "आई, मधी घटकाभर दुसऱ्या मानसानं बदली दिली तर चालंल का?"

उजवी कळी पडली.

आबांना हे मानावंच लागलं, कारण पलटणीतही तोच नियम होता. पण त्यांनी अट घातली. बदली देणारा शिकलेला पाहिजे, कुणीही सोम्यागोम्या नको. गावात दुसरा एकच फौजी होता, तो तेव्हा सीमेवर. म्हणून नाना स्वतःच उभे राहिले. आबांनी त्यांच्या हातात काठी दिली आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. पहिल्या मिनिटाला नानांनी कान खाजवला. दुसऱ्या मिनिटाला तंबाखूची चंची काढली. तिसऱ्या मिनिटाला रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी "काय पाव्हणं, कवा आलासा?" अशी हाक मारली.

"पहाऱ्यावर बोलायचं नसतं," आबा म्हणाले आणि काठी काढून घेतली.

"मंग लगीन देवळातच लावू," नाना म्हणाले. "तू हुबा ऱ्हा, आमी तुझ्या म्होरं लावतो."

"पहाऱ्यावरचा मानूस दुसरं काय बी करत न्हाई. कन्यादान तर न्हाईच न्हाई."

मंगळवारी उजाडायच्या आत आबा गेले. अंगावर कडक इस्त्रीचा खाकी सदरा, डोक्याला लग्नासाठी आणलेला गुलाबी फेटा. ही त्यांच्या मते लग्न आणि ड्यूटी यांच्यातली तडजोड होती. देऊळ गावाबाहेरच्या टेकाडावर. आमच्या माडीवरून पाहिलं की दारात एक गुलाबी ठिपका दिसायचा, आणि तो हलत नव्हता.

दहा वाजता निमगावचं वऱ्हाड आलं. नवरदेव जालिंदर हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर. बोलणं बेताचं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला कोणता रंग आवडतो?" मी घाबरून "सगळे" म्हटलं होतं. त्यांच्या वाटचं सगळं बोलणं त्यांचे दाजीमामा बोलायचे.

"मुलीचे वडील कुठायत?" दाजीमामांनी पहिला पाय मांडवात टाकतानाच विचारलं.

"देवीला आवतन द्यायला गेल्यात," नाना म्हणाले.

अकरा वाजता दाजीमामांनी परत विचारलं. "आवतन देतायत का जेवू घालून आणतायत?"

साडेअकराला नानांना खरं सांगावं लागलं. दाजीमामांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. लग्नात पाव्हण्यानं फेटा काढला म्हणजे लग्न मोडायची तयारी. "बाप हजर न्हाई त्या मांडवात आमी हुबं ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. भटजींनी मधला मार्ग काढला. कन्यादान नाना करतील, शास्त्राला चालतं.

"मला चालत नाही," मी आतून म्हणाले.

नवरीनं असं मध्ये बोलायची तेव्हा रीत नव्हती. पण मी सातवीत पहिली आले तेव्हा आबा नव्हते. मला टायफॉइड झाला तेव्हा नव्हते. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांचा होकार तारेनं आला होता, तीन शब्दांत. लग्नात तरी माझा हात माझ्या बापानंच दुसऱ्याच्या हातात द्यावा, एवढंच मला हवं होतं, आणि ते मी सोडणार नव्हते.

"मी जाऊन पहारा घेते," मी म्हणाले. "मला येतो. आबा खाली येतील."

"आनि नवरी?" नानांनी विचारलं.

"नवरीचं मग बघू."

एवढा विचार मी केलेला नव्हता, हे कबूल करते. मी मुंडावळ्यांसकट वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून बसले. कुणी काही म्हणायच्या आत आईही पदर खोचून चढली. आदल्या दिवसापासून ती कुणाशी बोललेली नव्हती. मला वाटलं, मला उतरवायला आली असेल. पण ती ड्रायव्हरला म्हणाली, "चल रं."

आबा देवळाच्या दारात उभे होते. ऊन डोक्यावर आलेलं. गुलाबी फेट्याचा रंग घामाबरोबर गालावर उतरला होता, पण नजर सरळ समोर. मी पायऱ्या चढून पाऊल आपटलं. हिरवा चुडा खळखळला.

"पहारेकरी, बदली हाजिर!"

त्यांच्या मिशा थरथरल्या. "तू नवरी हायस."

"नवरी आहे, पण शिकलेली आहे. तुम्हीच शिकवलंय. काठी द्या आणि खाली जा. कन्यादान तुम्हीच करायचं."

"कुनाचं करू? नवरी हितं, मी तितं?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिलो. खाली गावातल्या मांडवात सनईवाला एकच तान परत परत वाजवत होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी मला बाजूला सारलं. आईनं उजवं पाऊल दगडी पायरीवर असं आपटलं की जोडवी खणखणली.

"पहारेकरी, बदली हाजिर!"

मी माझ्या आईला तोवर कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या आवाजानं आबांचे हात आपोआप पुढं आले. काठी या हातातून त्या हातात गेली, कोन न् कोन बरोबर. आई गर्रकन वळली, टाचा जुळवल्या, छाती काढून उभी राहिली.

"ताबा घेतला!"

"तुला हे कुनी शिकवलं?" आबांचा जबडा उघडाच राहिला.

"तुमी पोरीला अंगनात शिकवत हुता तवा म्या चुलीम्होरं डोळं झाकून बसत न्हवते. जावा आता. पोरीचं कन्यादान करा."

तेव्हा कुठं मला कळलं की ती काय करायला आली होती. बापाला लग्नात धाडून ती स्वतः लग्नाला मुकणार होती. मला रडूच फुटलं. बाप मिळाला तर आई जाते, असलं कसलं लग्न? मी तिथल्या पायरीवर शालू पसरून बसले आणि सांगितलं की मी आता कुठंच येत नाही.

आमची ट्रॉली गेल्यावर वऱ्हाडही चालत मागोमाग निघालं होतं. पुढं दाजीमामा, पाठीमागं नवरदेव, बाशिंग एका हातात धरून. जालिंदर धापा टाकत वर आले. त्यांनी माझ्याकडं, मग आईकडं, मग घड्याळाकडं पाहिलं.

"मुहूर्ताला अकरा मिनिटं आहेत," ते म्हणाले. "मांडव म्हणजे चार बांबू आणि एक कापड. इथं तर देऊळ आहे. इथंच लावू की."

नाना देवळाचं म्हणाले तेव्हा काठी आबांच्या हातात होती, आता ती आईच्या हातात होती; इतक्या साध्या गोष्टीसाठी आम्ही सगळ्यांनी रात्र न् दिवस डोकं फोडून घेतलं होतं. त्या क्षणी मला ते पहिल्यांदा मनापासून आवडले. आजही भांडणात मी शेवटी गप्प बसते, ती त्या अकरा मिनिटांना जागून.

मग एकच धांदल उडाली. अंतरपाट मांडवात राहिला होता, म्हणून नानांचं उपरणं धरलं. त्यातून तंबाखूची पूड गळत होती, त्यामुळे मंगलाष्टकांत भटजी दोनदा शिंकले. दाजीमामा देवीला नमस्कार करायला तावातावानं पुढं आले, तर आईनं काठी आडवी धरली.

"थांबा! पायतान!"

दाजीमामांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल. पण त्यांनी चप्पल काढली, नीट जोडून ठेवली, आणि का कोण जाणे, सलामही ठोकला. तिथून पुढं लग्न लागेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. अक्षतांचा मारा बसत होता, त्यातल्या निम्म्या आईच्या तोंडावर. तिची पापणी लवली नाही.

कन्यादानाला आबांनी माझा हात धरला. त्या हातावर पाणी सोडायचं ते आईनं. भटजींनी तांब्या पुढं केला तर आईनं डावा हात काढला.

"उजव्या हातानं, बाई."

"उजव्यात काठी हाय."

"अगं, पहाऱ्यावरच्या मानसानं दुसरं काय बी करायचं नसतं," आबा पुटपुटले.

"तुमच्या पलटनीत नसंल करायचं," आई म्हणाली आणि डाव्या हातानं पाण्याची धार सोडली. एक थेंब बाहेर गेला नाही.

लग्न लागलं. पंगती बसायला मंडळी खाली गेली. आबा फेटा सावरून आईपुढं उभे राहिले, पाऊल आपटलं.

"पहारेकरी, बदली हाजिर!"

आई हलली नाही.

"काठी दे की. नवस माझा हाय."

"आदी सांगा, काय मागितलं हुतं देवीला? स्वतःचा जीव?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं, जालिंदरांकडं पाहिलं. नव्या जावयासमोर बोलायला ते कचरत होते. मग खाली बघत म्हणाले, "जिवाचं काय घिऊन बसलीस. तू लगीन हून घरात आलीस आनि म्हैन्यात मला जायाला लागलं. नाना येगळा ऱ्हायलेला, घरात गडीमानूस कुनी न्हाई. जाताना हितं आलो नि म्हनलं, आई, मी मुलखाचा पहारा देतो, तू माझ्या दाराचा दे. मी परत आलो की एक दिस तुला बदली दीन. सत्तावीस वर्सं ती हुबी ऱ्हायली, बिनरजेची. तिला एक दिस इसावा नगं?"

मला हुंदका आला. धोंडूमामांनी उपरण्यानं डोळे पुसले, ते नानांचं निघालं, म्हणून तेही शिंकले. आई मात्र आबांकडं टक लावून बघत होती.

"आमच्या दारात देवी हुबी हुती म्हनता?"

"मंग?"

"म्हशीला साप चावला तवा वैदू आनायला कोन पळालं, देवी? नाना बांधासाठी भांडायला आला तवा उंबऱ्यात इळा घिऊन कोन बसलं हुतं? ही पोर तापानं फनफनली तवा तीन कोस पाठीवर कुनी न्हेली?" आईचा आवाज आता खाली आला होता. "तुमच्या दारात म्या हुते. मला बदली द्यायला कोन आलं?"

नाना बांधाचा विषय निघताच पंगतीचं बघायला निघून गेले.

आबांनी देवळात डोकावून देवीकडं पाहिलं, जणू तिला साक्षीला बोलवावं. पण तिच्या खांद्यावरची एकही कळी हलली नाही.

"म्हंजी माझा नवस चुकीच्या दारात बोलला गेला," ते शेवटी म्हणाले.

आईनं काठी सोडली नाही. आबा तिच्या शेजारी, डाव्या अंगाला, जाऊन उभे राहिले. टाचा जुळवल्या. दुपारी माझी पाठवणी झाली ती तिथूनच. ट्रॉली वळणावर आली तेव्हा मी मागं पाहिलं, तर दारात दोघंही तशीच उभी होती, आणि काठी एकच होती.

पाचव्या दिवशी मी मांडवपरतणीला माहेरी आले. अंगणात पाऊल टाकलं, तर स्वयंपाकघराच्या दारात आबा. खाकी सदरा, हातात वेळूची काठी, नजर समोर. आत बाजेवर आई पाय पसरून बसली होती. उन्हं वर आलेली असताना पाय पसरून बसलेली आई मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. चूल नाना फुंकत होते. भाकरीचा करपट वास घरभर पसरला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सूर्य उगवल्यापासनं," आई म्हणाली. "सत्तावीस वर्सांचं सत्तावीस दिस म्हनालेत. आजचा तिसरा."

तिनं हातातला चहा फुंकला. तो चहाचा मग पांढरा होता, निळ्या काठाचा, एका ठिकाणी टवका उडालेला. घोट घेताना तिनं तो तिरका केला आणि बुडावरचा पलटणीचा काळा नंबर मला दिसला. तो आबांनाही दिसला. त्यांची मान एकदम वळली, डोळे विस्फारले, मिशा फुरफुरल्या.

"अगं, ह्यो मग... ह्याच्यापायी माझा आठवडा..."

"तुमीच रजेवर येताना आनला हुता, शेरडाचं दूध मोजायला. आता म्होरं बघा," आई म्हणाली आणि चहाचा शेवटचा घोट सावकाश घेतला. "पहाऱ्यावर बोलायचं नसतं."